सिस्टिम्स इंजिनिअरिंग आणि इंजिनिअरिंग मॅनेजमेंट: बी.ई.नंतर काय, कुठे आणि कसं शिकायचं?

मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल भागातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि नोकरीत दोन-चार वर्षं झालेले इंजिनिअर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत आणि पुढे अडचणीचे अपवाद. एका उत्तरातली माहिती दुसऱ्यात लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय? हे सॉफ्टवेअरचंच काम आहे ना?

सॉफ्टवेअर त्याचा एक भाग असतो, इतकंच. मेट्रो ३ च्या कुठल्याही भुयारी फलाटावर उभं राहून बघा. फलाटाच्या कडेला काचेचे सरकते दरवाजे आहेत. गाडी येते, तिचे दरवाजे बरोबर त्या काचेच्या दरवाजांसमोर थांबतात आणि दोन्ही एकदम उघडतात. गाडी बनवणारा एक, सिग्नल यंत्रणा देणारा दुसरा, काचेचे दरवाजे पुरवणारा तिसरा आणि फलाट बांधणारा चौथा असू शकतो. या चौघांचं काम एकमेकांत बसवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, तो सिस्टिम्स इंजिनिअर.

त्याचं काम वाक्यापासून सुरू होतं. ‘गाडी नीट थांबली पाहिजे’ ही अपेक्षा झाली, तपासता येईल अशी गरज नव्हे. ‘गाडीच्या दरवाजाचा मध्य फलाटाच्या दरवाजाच्या मध्यापासून जास्तीत जास्त इतक्या मिलिमीटरवर असावा, आणि दर दहा हजार थांब्यांपैकी इतक्या थांब्यांत तसं व्हावं’ असं लिहिलं की ब्रेकवाल्याला, सिग्नलवाल्याला आणि दरवाजेवाल्याला आपापला हिस्सा वाटून देता येतो. मग कोण कोणाला कोणता संदेश किती वेळात पाठवणार, याचं इंटरफेसचं कागदपत्र तयार होतं. शेवटी प्रत्येक वाक्यासमोर एक चाचणी लिहिली जाते. डाव्या बाजूला गरजा वरून खाली उतरतात आणि उजव्या बाजूला चाचण्या खालून वर चढतात, म्हणून या आकृतीला व्ही मॉडेल म्हणतात.

चूक बहुतेक वेळा सांध्यात होते. दरवाजेवाल्याची चाचणी पास, सिग्नलवाल्याची चाचणी पास, पण एकत्र जोडल्यावर संदेश अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि दरवाजा उघडतच नाही. हा अर्धा सेकंद कोणाच्या कागदावर लिहिलेला होता? उत्तर ‘कोणाच्याच नाही’ असं निघतं. अशा रिकाम्या जागा आधी शोधण्याचं शिक्षण म्हणजे ही पदवी.

२. मग इंजिनिअरिंग मॅनेजमेंट म्हणजे काय? एमबीएपेक्षा ते वेगळं कसं?

तांत्रिक कामाचा पैसा, वेळ, माणसं आणि धोके कसे सांभाळायचे, हे इंजिनिअरिंग मॅनेजमेंटमध्ये शिकवतात. प्रोजेक्टचं वेळापत्रक, खर्चाचा अंदाज, गुणवत्ता, निर्णयशास्त्र, पुरवठा साखळी आणि नव्या उत्पादनाची आखणी हे नेहमीचे विषय. अमेरिकेतला पहिला इंजिनिअरिंग मॅनेजमेंट विभाग १९६७ मध्ये मिसुरीतल्या रोला इथे सुरू झाला. तांत्रिक माणसाला तांत्रिक क्षेत्रात ठेवूनच व्यवस्थापन शिकवायचं, हा या विषयाचा हेतू आजही तोच आहे.

एमबीएत मार्केटिंग, फायनान्स आणि एचआर यांना मोठी जागा असते आणि वर्गात बी.कॉम. झालेलेही असतात. तुम्हाला इंजिनिअरिंगमधून बाहेर पडायचं असेल तर एमबीए करा. इंजिनिअरिंगमध्येच राहून टीम, बजेट आणि डिलिव्हरी हातात घ्यायची असेल तर इंजिनिअरिंग मॅनेजमेंट. भारतात मात्र याच नावाची पदवी फार कमी ठिकाणी मिळते. तोच अभ्यास इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, प्रोजेक्ट मॅनेजमेंट किंवा ऑपरेशन्सच्या एमबीएत असतो. ठिकाणं प्रश्न ४ आणि ६ मध्ये.

३. सिस्टिम्स अँड कंट्रोल, इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स, सॉफ्टवेअर सिस्टिम्स... हे सगळं एकच का?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

सिस्टिम्स अँड कंट्रोल म्हणजे गणित: अवकल समीकरणं, स्थिरता, फीडबॅक, ऑप्टिमायझेशन. इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स म्हणजे कारखाना, रांगा, साठा, वेळापत्रक, सिम्युलेशन. सॉफ्टवेअर सिस्टिम्स आणि एम्बेडेड सिस्टिम्स या संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पदव्या आहेत. पॉवर सिस्टिम्स म्हणजे वीज. प्रश्न १ मध्ये सांगितलेलं काम, म्हणजे गरजा, आर्किटेक्चर, इंटरफेस आणि चाचणी, वरच्यांपैकी एकाही पदवीचा मुख्य विषय नसतं. पदव्या सगळ्याच चांगल्या आहेत. फक्त ‘सिस्टिम्स’ हा शब्द पाहून फॉर्म भरू नका.

४. मुंबईत राहून कुठे शिकता येईल?

पवईपासून सुरुवात करू. आयआयटी मुंबईत तीन वेगवेगळी दारं आहेत. पहिलं, सिस्टिम्स अँड कंट्रोल इंजिनिअरिंगचा एम.टेक., ज्याला सगळे ‘सिसकॉन’ म्हणतात. प्रश्न ३ मध्ये म्हटल्याप्रमाणे तो कंट्रोलचा, गणिताचा अभ्यासक्रम आहे. लिनिअर अल्जिब्रा आवडत नसेल तर तिकडे जाऊ नका. दुसरं, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे ‘आयईओआर’. ऑप्टिमायझेशन, संभाव्यता आणि सिम्युलेशन हा त्याचा कणा. इथून पुढे लॉजिस्टिक्स, अ‍ॅनालिटिक्स आणि फायनान्सकडे जाता येतं. तिसरं, शैलेश जे. मेहता स्कूल ऑफ मॅनेजमेंटचं एमबीए. हे स्कूल १९९५ पासून आहे आणि तिथला प्रवेश कॅटवर, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेवर, होतो.

तिथून जवळच, विहार तलावाकाठी, १९६३ मध्ये सुरू झालेली ‘निटी’ होती. २०२३ मध्ये तिचं आयआयएम मुंबई झालं. जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून निटीच येतं, त्यामुळे सल्ला विचारताना गोंधळ होतो. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची परंपरा असलेली ही जागा आता एमबीए देते, आणि त्यात ऑपरेशन्स अँड सप्लाय चेनचं स्वतंत्र एमबीए आहे. कारखाना आणि पुरवठा साखळी यांत रस असेल तर आपल्या मते मुंबईतला सगळ्यात नेमका पर्याय हाच. प्रवेश कॅटवर.

माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा एम.टेक. आहे आणि इलेक्ट्रिकलखाली कंट्रोल सिस्टिम्सचाही आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे मुलं सहसा दुसरी-तिसरी पसंती म्हणून बघतात. हे बरोबर नाही. शहरात मेट्रो, बंदर, रिफायनरी, जहाजबांधणी यांची इतकी कामं असताना वेळापत्रक आणि खर्च यांचं पक्कं शिक्षण घेतलेला इंजिनिअर इथे कायम लागतो.

५. कॉलेजची वेबसाइट सगळंच छान सांगते. अभ्यासक्रम खरोखर कशाचा आहे ते कसं ओळखायचं?

अर्ध्या तासाचं काम आहे. अनिवार्य आणि निवडीच्या विषयांची यादी उघडा. कागदावर तीन रकाने आखा: ‘गणित आणि कंट्रोल’, ‘गरजा, आर्किटेक्चर, चाचणी’, ‘पैसा, माणसं, वेळापत्रक’. प्रत्येक विषय त्याच्या नावावरून न टाकता सिलॅबसमधले मुद्दे आणि क्रमिक पुस्तकं वाचून योग्य रकान्यात टाका. दहापैकी सहा-सात विषय ज्या रकान्यात पडतील, ती खरी पदवी.

मग आणखी दोन गोष्टी पाहा. गेल्या दोन वर्षांतल्या थिसिसची शीर्षकं, आणि निवडीचे विषय प्रत्यक्षात दर सत्रात सुरू होतात की फक्त यादीत आहेत. दुसरी गोष्ट वेबसाइटवर सापडत नाही. ती सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्याला लिंक्डइनवर थेट विचारा: ‘या सत्रात कोणते इलेक्टिव्ह चालू आहेत?’ असा एका ओळीचा प्रश्न असेल तर बहुतेक जण उत्तर देतात.

६. मुंबईबाहेर पण भारतातच?

आयआयटी खरगपूरला इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे. आयआयटी कानपूरला इंडस्ट्रियल अँड मॅनेजमेंट इंजिनिअरिंगचा विभाग होता, त्याचं नाव आता मॅनेजमेंट सायन्सेस आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत इंजिनिअरांसाठी ‘मास्टर ऑफ मॅनेजमेंट’ आहे. तो इंजिनिअरिंग मॅनेजमेंटच्या कल्पनेच्या फार जवळ जातो, आणि तिथे गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा), कॅट किंवा जीमॅट यांपैकी एकाचा स्कोअर चालतो. पुण्यात सीओईपीलाही प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा एम.टेक. आहे.

७. गेटचा कोणता पेपर द्यायचा? स्कोअर किती वर्षं चालतो?

ज्या शाखेतून पदवी, तोच पेपर द्या. इंडस्ट्रियलसाठी मुद्दाम प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा पेपर द्यायला हवा, असा समज आहे. तो खरा नाही. आयईओआर आणि सिसकॉन दोन्हीकडे अनेक शाखांचे पेपर चालतात, त्यामुळे मेकॅनिकलवाल्याने मेकॅनिकलच द्यावा. कोणते पेपर चालतात ती यादी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असते. फॉर्म भरण्याआधी ती बघा.

स्कोअर निकालापासून ३ वर्षं चालतो. पेपर ३ तासांचा, ६५ प्रश्नांचा, १०० गुणांचा. एका गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नाला चुकल्यास १/३ आणि दोन गुणांच्या प्रश्नाला २/३ गुण वजा होतात. संख्या लिहायच्या प्रश्नांना आणि एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असलेल्या प्रश्नांना वजावट नाही, म्हणून ते कोरे सोडू नका. परीक्षा फेब्रुवारीत होते, पण फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच भरायचा असतो. दिवाळीनंतर जाग येणाऱ्यांचं एक वर्ष जातं.

गेटवर पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आयआयटी मुंबईत टीचिंग असिस्टंट म्हणून एम.टेक. २ वर्षांचा आणि रिसर्च असिस्टंट म्हणून ३ वर्षांचा असतो. तीन वर्षं ऐकून मुलं मागे हटतात. पण प्रयोगशाळेत किंवा प्रोजेक्टवर हाताने काम करायचं असेल तर ते जादाचं वर्ष वाया जात नाही.

८. गेट दिलीच नाही किंवा स्कोअर फार कमी आहे. आता?

राज्यातल्या एम.ई./एम.टेक. प्रवेशात, म्हणजे सीईटी सेलच्या कॅप राउंडमध्ये, गेटवाल्यांची यादी आधी लागते. उरलेल्या जागा पदवीच्या गुणांवर भरतात. एम.टेक.च्या जागा पुष्कळदा रिकाम्या राहतात, त्यामुळे प्रवेश मिळतो. विद्यावेतन मात्र मिळत नाही. कॅटचा रस्ता वेगळा आहे, त्याचं आयआयएम मुंबई आणि मेहता स्कूलचं उत्तर प्रश्न ४ मध्ये.

९. आधी नोकरी करू की लगेच मास्टर्स?

कंट्रोल किंवा ऑपरेशन्स रिसर्च घेणार असाल तर लगेच. गणित ताजं असतं. सिस्टिम्स इंजिनिअरिंग किंवा इंजिनिअरिंग मॅनेजमेंट घेणार असाल तर आम्ही २-३ वर्षं नोकरी करायला सांगू, आणि हे आग्रहाने सांगू. ज्याने बदललेल्या ड्रॉइंगमुळे बिघडलेलं काम एकदाही निस्तरलेलं नाही, त्याला ‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट’ (प्रत्येक बदलाची नोंद सांभाळणं) हे प्रकरण कंटाळवाणं वाटतं. ज्याने निस्तरलं आहे, तो त्या तासाला पहिल्या बाकावर बसतो.

काही अभ्यासक्रमांत अनुभव ही अटच असते. एमआयटीचा सिस्टिम डिझाइन अँड मॅनेजमेंट हा १९९६ पासूनचा अभ्यासक्रम अनुभवी इंजिनिअरांसाठीच आहे. तो इंजिनिअरिंग आणि स्लोन स्कूल मिळून चालवतात.

१०. नोकरी सोडता येणार नाही. नोकरी करत करत पदवी मिळेल का?

मिळेल, पण दोन गोष्टी तपासा. बिट्स पिलानीचे नोकरदारांसाठीचे अभ्यासक्रम असोत किंवा आयआयटी कानपूरचा ई-मास्टर्स असो, पहिलं, त्या संस्थेला कोणते कागद लागणार ते आधी बघा. बिट्सला कंपनीची संमती आणि कामावरचा एक मेंटर लागतो. तुमचे साहेब सही करणार नसतील तर अर्ज अडतो, म्हणून बोलणी फॉर्मच्या आधी करा. दुसरं, कुठलंही खासगी विद्यापीठ ‘ऑनलाइन एम.टेक.’ देतो म्हणत असेल तर सावध व्हा. दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने इंजिनिअरिंगची पदवी द्यायला यूजीसीच्या नियमांत परवानगी नाही. ‘सर्टिफिकेट’, ‘पीजी प्रोग्राम’ आणि ‘पदवी’ हे तीन वेगळे शब्द आहेत. पावतीवर कोणता आहे ते वाचा.

वेळेचा हिशेबही मांडून बघा. कल्याण किंवा विरारहून रोज लोकलचे तीन तास जात असतील तर आठवड्याला अभ्यासाचे १०-१२ तास कुठून काढणार? शनिवार-रविवार दोन्ही पूर्ण द्यावे लागतील, हे घरी आधी बोलून घ्या.

११. परदेशात कोणती विद्यापीठं या विषयासाठी ओळखली जातात?

सिस्टिम्स इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेत स्टीव्हन्स, कॉर्नेल, जॉन्स हॉपकिन्स, सदर्न कॅलिफोर्निया, जॉर्ज मेसन आणि जॉर्ज वॉशिंग्टन. इंजिनिअरिंग मॅनेजमेंटसाठी ड्यूक, डार्टमथ, नॉर्थवेस्टर्न, कॉर्नेल आणि मिसुरी एस अँड टी. युरोपात डेल्फ्टचा ‘कॉम्प्लेक्स सिस्टिम्स इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट’. नॉर्वेत कॉन्ग्सबर्गला सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा असा मास्टर्स आहे ज्यात शिकताना कंपनीत अर्धवेळ काम असतं. नॉर्वेने युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२३ पासून फी लावली आहे, हे खर्चात धरा. आशियात सिंगापूरच्या एनयूएसचा इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स.

यादी फोनमध्ये ठेवा, पण निवड प्रश्न ५ च्या तीन रकान्यांनीच करा.

१२. अमेरिकेत अर्ज करताना ‘सिस्टिम्स’च्या अभ्यासक्रमात कोणता खड्डा असतो?

दोन आहेत. पहिला: अमेरिकेत सिस्टिम्स इंजिनिअरिंगचे बरेच मास्टर्स तिथल्या नोकरदारांसाठी संध्याकाळी किंवा पूर्ण ऑनलाइन चालतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर प्रत्येक सत्रात पूर्णवेळेच्या हिशेबात एकच ऑनलाइन विषय, म्हणजे ३ क्रेडिट, धरता येतो. त्यामुळे ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तरी त्यावर आय-२० (व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं पत्र) मिळत नाही. अर्जाची फी भरण्याआधी विभागाला ईमेल करा: ‘तुमचा कॅम्पसवरचा अभ्यासक्रम आहे का, आणि त्यावर आय-२० देता का?’

दुसरा: नावाच्या मागचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक. आय-२० वर तो छापलेला असतो. सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा १४.२७०१ आणि इंजिनिअरिंग अथवा इंडस्ट्रियल मॅनेजमेंटचा १५.१५०१, हे दोन्ही स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आहेत. स्टेम असेल तर पदवीनंतर १२ आणि २४ मिळून ३६ महिने ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच, काम करता येतं. तोच अभ्यासक्रम एखाद्या विद्यापीठात बिझनेस स्कूलखाली ५२.०२०१ या कोडने चालत असेल तर १२ महिनेच. दोन वर्षांचा फरक एका कोडमुळे पडतो. कोड विभागाकडून लेखी मागवा.

१३. सिस्टिम्स इंजिनिअरांना सगळ्यात जास्त नोकऱ्या डिफेन्समध्ये आहेत म्हणतात. आपल्याला मिळतील?

अमेरिकेत बहुतेक मिळणार नाहीत. संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातल्या निर्यात-नियंत्रण कायद्यांमुळे तिथली बरीच पदं नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांसाठीच राखीव असतात. प्लेसमेंटच्या आकड्यात या नोकऱ्या मिसळलेल्या असतात, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू करू नका. विचारायचा प्रश्न असा: ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कुठे लागले?’ वैद्यकीय उपकरणं, मोटारी, सेमीकंडक्टर, रेल्वे आणि ऊर्जा या क्षेत्रांत हाच अभ्यास चालतो, आणि तिथे ही आडकाठी सहसा नसते. निवडीचे विषयही त्याच क्षेत्रांकडे झुकवा.

१४. जर्मनीत फी नसते, मग तिकडेच जाऊ का?

सगळीकडे फी नसते असं नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो. ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं. एपीएसला वेळ लागतो, ते सगळ्यात आधी सुरू करा.

तिथला मोठा अडथळा फी नसून विषयांची जुळणी आहे. तुमच्या बी.ई.तल्या विषयांची क्रेडिट्स त्यांच्या पदवीशी ताडून बघतात. मॅनेजमेंट जोडलेल्या पदवीला अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाची ठरावीक क्रेडिट्स मागतात, आणि आपल्या मेकॅनिकलच्या पदवीत ती भरत नाहीत. अर्जाआधी स्वतःच तक्ता करून बघा.

१५. मुंबई विद्यापीठाच्या पॉइंटरचे टक्के कसे करायचे? आणि केटी असेल तर?

परदेशी अर्जात टक्के करूच नका. गुणपत्रिकेवर असेल तसा सीजीपीआय (पॉइंटर) १० पैकी लिहा. ९.५ ने गुणण्याची पद्धत सीबीएसईच्या दहावीची होती. ती बी.ई.ला लावली तर अर्जातला आकडा ट्रान्सक्रिप्टशी जुळत नाही. राज्याच्या किंवा नोकरीच्या फॉर्मला टक्के हवेच असतील तर विद्यापीठाने तुमच्या बॅचच्या स्कीमसाठी दिलेलं सूत्र वापरा. स्कीम बदलली की सूत्रही बदलतं, त्यामुळे मोठ्या भावाचं सूत्र उचलू नका.

सुटलेली केटी अर्जाला मारत नाही. ट्रान्सक्रिप्टमध्ये ती दिसते, म्हणून लपवू नका. एसओपीत (अर्जासोबत द्यायच्या निवेदनात) एका वाक्यात कारण द्या, दोन वाक्यांत नको. अजून न सुटलेली केटी असेल तर पदवी प्रमाणपत्र नाही आणि प्रवेश अडकतो. ट्रान्सक्रिप्टसाठी महिना-दीड महिना हाताशी ठेवा. आठही सत्रांच्या गुणपत्रिका आणि केटीच्या गुणपत्रिकाही स्कॅन करून ठेवा.

१६. मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलो. वेगळं काही लागतं?

हो. तुमच्याकडे बी.ई.ची सहाच सत्रं असतात. ते पाहून बाहेरचं विद्यापीठ किंवा मूल्यांकन करणारी संस्था ‘तीन वर्षांची पदवी’ असा अर्थ लावू शकते. एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) डिप्लोमाच्या गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट बी.ई.सोबतच पाठवा, आणि कॉलेजकडून ‘थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश’ असं स्पष्ट लिहिलेलं पत्र घ्या. हे पत्र मागाहून पाठवलं की फाइल पुन्हा रांगेत जाते.

१७. आरक्षणाचं प्रमाणपत्र आहे. ते आयआयटीलाही चालेल ना?

राज्याच्या कॅपला जे चालतं ते आयआयटीला चालेलच असं नाही. आयआयटीला ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रिमिलेयर) प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं आणि ते चालू आर्थिक वर्षातलं असावं लागतं. तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. राज्यातल्या एनटी-व्हीजेच्या ज्या जाती केंद्राच्या यादीत आहेत, त्या तिथे ओबीसीत धरल्या जातात. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, आयआयटीत त्या नावाची जागा नसते. उलट कॅपला जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेयर आणि डोमिसाईल लागतात.

दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर सेतू केंद्रात किंवा आपले सरकारच्या पोर्टलवर दोन्ही नमुन्यांचे अर्ज एकदमच टाका. एप्रिलमध्ये टाकला तर मे-जूनच्या गर्दीतून सुटका होते.

१८. एसओपीत काय लिहायचं?

‘मला लहानपणापासून यंत्रांची आवड आहे’ हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी एक बिघाड लिहा. उदाहरणार्थ: ‘तळोज्यातल्या प्लांटमध्ये तापमानाचा सेन्सर बदलला. वायरिंगचं ड्रॉइंग आणि पीएलसीचा प्रोग्राम बदलला, देखभालीचं मॅन्युअल जुनंच राहिलं. चार महिन्यांनी फिटरने मॅन्युअल बघून जुन्या प्रकारचा सेन्सर लावला आणि लाइन थांबली. बदलाची एक नोंद तिन्ही कागदांपर्यंत कशी पोचवायची, हे मला शिकायचं आहे.’ प्रवेश समितीला या चार-पाच वाक्यांत तुम्ही काय पाहिलं आणि काय शिकायला येताय, ते कळतं. तुमच्याकडे असा प्रसंग नसेल तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधली दोन भागांची न जुळलेली जागा लिहा. ती प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असते.

दुसऱ्याचा प्रसंग मात्र उचलू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

१९. पदवीऐवजी प्रमाणपत्र पुरेल का? सीएसईपी की पीएमपी?

इनकोसी ही सिस्टिम्स इंजिनिअरिंगची आंतरराष्ट्रीय संस्था १९९० मध्ये स्थापन झाली. तिचं एएसईपी प्रमाणपत्र अनुभवाशिवाय मिळतं. सीएसईपीला सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या प्रमाणपत्राला चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण.

ईपीसी (डिझाइन, खरेदी आणि उभारणी एकत्र घेणारी कामं), बांधकाम आणि आयटीत पीएमपीची ओळख जास्त. रेल्वे, विमान, संरक्षण आणि मोटारींमध्ये सिस्टिम्स इंजिनिअरिंगची. पदवी नसताना एएसईपी घेतलं तर मुलाखतीत तुम्ही विषय वाचलाय एवढं सिद्ध होतं. काम येतं हे त्याने सिद्ध होत नाही.

२०. मी बी.एस्सी. आहे, इंजिनिअर नाही. दार बंद?

बंद नाही, अरुंद आहे. गणित किंवा संख्याशास्त्र असेल तर आयआयटी मुंबईत ऑपरेशन्स रिसर्चचा एम.एस्सी.-पीएच.डी. दुहेरी पदवी अभ्यासक्रम आहे. प्रवेश जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेवर. ऑपरेशन्सच्या एमबीएसाठी कॅट आहेच.

२१. कर्ज काढताना काय पाहायचं?

आधी खर्च मांडा. अमेरिकन मास्टर्स साधारण ३० ते ३६ क्रेडिटचा असतो. दर क्रेडिटची फी गुणिले क्रेडिट, त्यात विभागाची सत्राची फी, आरोग्य विमा, १६ ते २० महिन्यांचं राहणं-खाणं आणि ३५० डॉलर सेव्हिस (विद्यार्थी व्हिसाच्या नोंदणीची) फी मिळवा. ‘वर्षाची फी’ हा वेबसाइटवरचा आकडा अनेकदा कमी दिसतो, कारण त्यात उन्हाळ्याचं सत्र नसतं.

मग बँकेला तीन प्रश्न विचारा: व्याजदर बदलता आहे का, शिकत असताना साधं व्याज भरावं लागेल का, आणि घर तारण घेतल्यास दर किती उतरतो? घराची सोसायटीची कागदपत्रं पूर्ण नसतील तर तारण कर्ज महिनोन्महिने लटकतं. मुंबईत हे फार होतं, विशेषतः पुनर्विकासात असलेल्या इमारतींत. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट ८ वर्षांपर्यंत मिळते. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे बाहेर पाठवले तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जात नाही. स्वतःच्या पैशांना मात्र वर्षाला १० लाखांपर्यंतच सूट आहे.

२२. इंग्लंडचा एक वर्षाचा मास्टर्स करून परत आलो तर सरकारी नोकरीत चालेल का?

आपोआप चालत नाही, परदेशी पदवीचं समकक्षता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यासाठी तिथलं हजेरीचं पत्र, क्रेडिटचा तपशील आणि प्रबंधाची नोंद लागते. परत येण्याआधी विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी हे सगळं घेऊन ठेवा, इथून मागवायला वेळ आणि पैसा दोन्ही जातं. तिथे राहून काम शोधायचा बेत असेल तर ग्रॅज्युएट रूट या व्हिसाची २ वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांची आहे. जानेवारीत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांनी आपली पदवी कधी पूर्ण होते, त्या तारखेवरून ही मुदत मोजावी.